बेवारस वाहनांचा जाहीर लिलाव

रस्त्याकडेला, रानात, खाडीकाठी किंवा एसटी स्थानकामागे सोडून दिलेले वाहन सापडले की पोलीस ते ताब्यात घेतात आणि मालकाचा शोध सुरू करतात. ठरलेल्या मुदतीत कोणीच हक्क सांगितला नाही, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्याचा जाहीर लिलाव होतो. लिलाव ही या प्रक्रियेची शेवटची पायरी आहे. त्याआधीच्या सगळ्या पायऱ्या मालकाची वस्तू मालकाला परत मिळावी यासाठी घातलेल्या आहेत. तरीही बहुतेक मालकांना त्यांची माहिती नसते. त्यामुळे कागद सापडले असते तर घरी गेली असती अशी गाडी भंगाराच्या दराने विकली जाते.

तळ्यासारख्या लहान तालुक्यात हा प्रश्न जवळून दिसतो. रायगड जिल्ह्यातील तळा तालुका 1999 मध्ये माणगाव तालुक्यातून वेगळा झाला. तळगडाच्या पायथ्याचे हे गाव मुंबई-गोवा महामार्गापासून आत आहे. महामार्गावरच्या इंदापूरहून तळ्याचा रस्ता फुटतो. तालुक्यातली अनेक घरे मुंबईच्या नोकरीवर चालतात. गावी वडीलधारी माणसे, एखादी स्कूटर किंवा मोटारसायकल, आणि कर्ती मुले शहरात, अशी ही घडी. गाडी कोणाच्या नावावर आहे, कागद कोणत्या ट्रंकेत आहेत, हे अशा घरात एकाच माणसाला ठाऊक असते. ते माणूस गेले की गाडीचा धागाही तुटतो.

वाहने बेवारस का होतात

पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असलेली सगळी वाहने बेवारस नसतात. काही अपघातातली असतात, काही गुन्ह्यातला मुद्देमाल असतात, काही अवैध दारू किंवा वाळूच्या वाहतुकीत पकडलेली असतात. त्यांचा निकाल त्या त्या खटल्याशी बांधलेला असतो. कोणत्याही गुन्ह्यात न अडकलेले, पण ज्याचा वाली पुढे आलेला नाही, ते वाहन बेवारस म्हणून नोंदले जाते.

त्यातली पुष्कळशी चोरीची असतात. चोर दुचाकी पळवतो, पेट्रोल संपेपर्यंत फिरवतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात टाकून देतो. मूळ तक्रार एका ठाण्यात आणि गाडी दुसऱ्या ठाण्यात, असे झाले की दोन्ही नोंदी जुळायला वेळ लागतो. दरम्यान तपासात काहीच हाती न लागल्याने गुन्ह्याला ‘अ समरी’ मंजूर होते, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही. त्या कागदावर विमा कंपनी मालकाला भरपाई देते. पुढे गाडी सापडली तरी मालकाला तिच्यात रस उरत नाही. हक्क विमा कंपनीकडे गेलेला असतो, आणि जुन्या दुचाकीसाठी कंपनीचा माणूस एवढ्या लांब येत नाही.

दुसरे मोठे कारण नाव न बदलता झालेली विक्री. गाडी एकाने घेतली, दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने तिसऱ्याला दिली. नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. पोलिसांचे पत्र पहिल्या मालकाला जाते आणि तो ‘मी कधीच विकली’ म्हणून हात झटकतो. खरा वापरणारा कागदावर कुठेच नसतो, म्हणून तो ठाण्याची पायरी चढायला धजत नाही. कर्जाचे हप्ते थकल्याने सोडलेल्या गाड्या, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाल्याने टाकलेल्या गाड्या आणि मालकाच्या मृत्यूनंतर कोणी न सांभाळलेल्या गाड्या ही उरलेली कारणे.

ताब्यापासून जाहीरनाम्यापर्यंत

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन हलवण्याचा आदेश त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 82 नुसार हक्क न सांगितलेली मालमत्ता ताब्यात घेणे हे पोलिसांचे कर्तव्यच आहे.

वाहन सापडल्या जागी पंचांसमक्ष पंचनामा होतो. रंग, बनावट, नंबर प्लेट, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, टायर, बॅटरी, आरसे, जे आहे आणि जे नाही ते सगळे लिहिले जाते. ठाण्यात आल्यावर नोंदवहीत नोंद होऊन वाहन मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात जाते. नंबर प्लेट बदलता येते, म्हणून शोधाचा खरा आधार चेसिस क्रमांक असतो. आजच्या वाहनांवर तो 17 अक्षरा-अंकांचा असतो आणि सांगाड्यावर ठोकलेला असतो. त्यावरून परिवहन विभागाच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदीत मालकाचे नाव, पत्ता, कर्ज देणारी संस्था आणि विमा यांचा माग लागतो. रायगडच्या बहुतेक गाड्यांचा एमएच 06 हा क्रमांक पेणच्या कार्यालयाचा आहे. पनवेलच्या कार्यालयाचा क्रमांक एमएच 46. गंजाने अंक खाल्ले असतील किंवा चोराने ते घासून टाकले असतील, तर हा माग अवघड होतो.

या कामात पोलिसांना बाहेरूनही मदत मिळते. मावळ तालुक्यातील परंदवडीची गंगामाता वाहन शोध संस्था ठाण्यांच्या आवारातील गाड्यांचे चेसिस आणि इंजिन क्रमांक तपासून मूळ मालक शोधण्याचे काम करते. आवारात वर्षानुवर्षे पडलेल्या गाडीचाही मालक नीट शोधला तर सापडतो, हे अशा कामातून दिसले आहे.

मालक न सापडल्यास वाहनाचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 503 नुसार हक्कदार अज्ञात असेल तर दंडाधिकारी वस्तूंचे वर्णन देणारा जाहीरनामा काढतात आणि हक्क सांगणाऱ्याला सहा महिन्यांची मुदत देतात. या काळात कोणी आले नाही आणि ज्याच्याकडे वस्तू मिळाली त्यालाही ती कायदेशीरपणे मिळवल्याचे दाखवता आले नाही, तर कलम 504 नुसार ती राज्य सरकारच्या अखत्यारीत जाते आणि विकता येते. कलम 505 यापुढचा विचार करते. वस्तू लवकर खराब होणारी असेल, विक्री मालकाच्याच हिताची असेल किंवा तिची किंमत दहा हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर मुदतीची वाट न पाहता विक्रीचा आदेश देता येतो. अशा वेळी मालकाचा हक्क बुडत नाही. तो विक्रीतून आलेल्या रकमेवर चालू राहतो.

पडून राहण्याची किंमत

वाहने लवकर निकालात काढावीत असा न्यायालयांचाही आग्रह आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2002 रोजी स्पष्ट सांगितले की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवून कोणाचाच लाभ नाही. योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन ती परत द्यावीत. आरोपी, मालक, विमा कंपनी किंवा अन्य कोणीच हक्क सांगत नसेल तर न्यायालयाने लिलावाचा आदेश द्यावा. नव्या संहितेच्या कलम 497 ने हा विचार कायद्यात आणखी पक्का केला. न्यायालयासमोर आलेल्या मालमत्तेचे वर्णन 14 दिवसांत तयार करायचे, तिची छायाचित्रे आणि गरज पडल्यास चित्रफीत काढायची, आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. पुढे पुरावा म्हणून ते वर्णन आणि छायाचित्रे चालतात. गाडी स्वतः उभी असण्याची गरज राहत नाही.

कोकणात या घाईला आणखी एक कारण आहे. चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि खाडीवरची खारी हवा यांत उघड्यावरचे लोखंड टिकत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत टाकी सडते, वायर उंदीर कुरतडतात, सीट फाटते. टायरांत साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, बॅटरीतले आम्ल आणि इंजिनचे तेल मातीत उतरते. ताब्यात आली तेव्हा चालती असलेली गाडी लिलावापर्यंत किलोच्या भावाने मोजायची वस्तू होते. हा तोटा मालकाचाही आणि सरकारी तिजोरीचाही.

लिलावाची सूचना आणि बोली

लिलावाची जाहीर सूचना ठाण्याच्या आणि तहसील कार्यालयाच्या फलकावर लागते आणि वर्तमानपत्रांतून छापून येते. स्थानिक पानावर ती बहुधा निधनवार्तांच्या शेजारी असते. सूचनेत वाहनाचा प्रकार, कंपनी, नोंदणी क्रमांक असल्यास तो, चेसिस आणि इंजिन क्रमांक, वाहने पाहण्याची जागा व वेळ, अनामत रक्कम आणि लिलावाची तारीख असते. लिलाव होण्यापूर्वी मूळ कागदपत्रे घेऊन येणाऱ्या मालकाने ठाण्यात संपर्क साधावा, हेही त्यात सांगितलेले असते. त्या एका ओळीमुळे ही सूचना खरेदीदाराइतकीच मालकासाठीही असते. नोंदणी प्रमाणपत्र, विमा, ओळखपत्र आणि चोरी झाली असल्यास तक्रारीची प्रत दाखवून तो आपली गाडी मागू शकतो.

बोलीआधी परिवहन कार्यालयाचा मोटार वाहन निरीक्षक वाहनांची पाहणी करून मूल्य ठरवतो. त्यावरून किमान किंमत निश्चित होते. तिच्या खाली बोली स्वीकारली जात नाही. ठाण्याच्या आवारात अधिकाऱ्यांसमोर उघड बोली होते, किंवा सीलबंद निविदा मागवल्या जातात. मोठ्या संख्येची वाहने असतील तर केंद्र सरकारच्या एमएसटीसी या कंपनीच्या ई-लिलावाचा मार्ग घेतला जातो. अनेकदा सगळी वाहने एकाच गठ्ठ्यात विकली जातात, आणि मग भंगार व्यापारीच बोलीत उतरू शकतात. सर्वाधिक बोली लावणाऱ्याने रक्कम लागू करासह मुदतीत भरायची, नाहीतर अनामत जप्त होते. जमा रक्कम सरकारी तिजोरीत जाते.

खरेदीदाराने सूचनेतली एक गोष्ट नीट वाचायला हवी: वाहन भंगार म्हणून विकले आहे की वापरासाठी. भंगार म्हणून विकलेले वाहन पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही; चेसिस क्रमांकाचा तुकडा कापून काढला जातो आणि नोंदणी रद्द होते. 2021 पासून वाहने मोडण्यासाठी नोंदणीकृत केंद्रांचे स्वतंत्र नियम लागू आहेत, ज्यात तेल, बॅटरी आणि वायू सुरक्षितपणे काढण्याची अट आहे. वापरायोग्य वाहन सरकारी लिलावात घेतले असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 57 नुसार ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत नमुना 32 भरून ते स्वतःच्या नावावर करावे लागते. हा अर्ज राहिला की तेच वाहन पुन्हा बिननावाचे होण्याच्या वाटेला लागते.

मालकाच्या मृत्यूनंतर

गावातले माणूस गेले की स्थानिक वर्तमानपत्रात निधनवार्ता येते: वय, अल्पशा आजाराने निधन, पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार, दशक्रिया आणि उत्तरकार्याची तारीख. लांबच्या नातलगांना आणि मुंबईतल्या मंडळींना बातमी पोचवण्याचे मोठे काम ती करते. पण सरकारी कार्यालयात तिचा उपयोग होत नाही. तिथे मृत्यू दाखलाच लागतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 खाली मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, गावात ग्रामपंचायतीकडे आणि तळा शहरात नगरपंचायतीकडे. उशीर झाला तर शुल्क आणि वरिष्ठांची परवानगी लागते; वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्याची आठवण घरात कोणीतरी करतेच. गाडीची मात्र राहून जाते. नियम 56 नुसार गाडीचा ताबा ज्या वारसाकडे येतो, त्याने मृत्यूपासून 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला मृत्यूची आणि आपण गाडी वापरणार असल्याची माहिती द्यायची असते. तशी माहिती दिली असेल तर तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत नमुना 31 मध्ये नाव बदलण्याचा अर्ज करावा लागतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर मालकाला हयातीतच नोंदणीत नामनिर्देशित व्यक्तीचे नाव देता येते. त्यामुळे वारसांचे काम बरेच सोपे झाले आहे.

नाव न बदलण्याचा धोका अपघातात सर्वांत जास्त जाणवतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी असा निकाल दिला की परिवहन नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल, मग गाडी प्रत्यक्षात कितीही जणांना विकलेली असो. म्हणून विकणाऱ्याने नमुना 29 ने विक्री कळवणे आणि घेणाऱ्याने नमुना 30 ने नाव बदलून घेणे दोघांच्याही हिताचे आहे.

गाडी चोरीस गेली तर तक्रारीत चेसिस आणि इंजिन क्रमांक लिहिणे, नोंदणीतला पत्ता आणि मोबाइल क्रमांक चालू ठेवणे, जुनी गाडी टाकून न देता मोडीत देऊन नोंदणी रद्द करणे, मृत्यूनंतर नमुना 31 भरणे, एवढ्या गोष्टी वेळेवर झाल्या तर ठाण्याचे पत्र योग्य घरी पोचते. मग लिलावाला खरोखरच ज्यांचा कोणी नाही अशीच थोडी वाहने उरतात, आणि लिलावही त्यांच्यासाठीच ठेवलेला आहे.