थायमसची पेप्टाइडे आणि कर्करोग : साठ वर्षांचा मागोवा

थायमस ही छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेली छोटी ग्रंथी. अस्थिमज्जेतून आलेल्या कच्च्या पेशी येथे टी-पेशी म्हणून तयार होतात आणि स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक पेशी येथेच नष्ट केल्या जातात. तारुण्यानंतर ग्रंथी आक्रसते, तिच्या जागी चरबी साचते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बिनकामाचा अवशेष समजली जाई. १९६१ मध्ये हा समज मोडला. लंडनमध्ये उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या जाक मिलर यांनी नवजात पिल्लांची थायमस काढली. त्या पिल्लांच्या रक्तातील लिम्फोसाइट घटले, संसर्गाने ती दगावू लागली आणि दुसऱ्या उंदराच्या कातडीचे कलमही त्यांच्या शरीराने मुकाट्याने स्वीकारले.

ग्रंथीचे काम तिच्या अर्काने करून घेता येईल का, हा पुढचा प्रश्न होता. १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे अ‍ॅलन गोल्डस्टीन आणि एब्राहम व्हाइट यांनी वासरांच्या थायमसमधून काढलेल्या अर्काला ‘थायमोसिन’ हे नाव दिले. त्यातून ‘फ्रॅक्शन ५’ हे अनेक पेप्टाइडांचे मिश्रण तयार झाले आणि १९७७ मध्ये त्यातले २८ अमिनो आम्लांचे थायमोसिन अल्फा-१ वेगळे काढता आले. पॅरिसमध्ये झाँ-फ्रान्स्वा बाक यांच्या गटाने थायम्युलिन हे नऊ अमिनो आम्लांचे, जस्ताशिवाय निष्क्रिय राहणारे पेप्टाइड शोधले. पाच अमिनो आम्लांचे थायमोपेंटिन १९७९ मध्ये पुढे आले.

पेप्टाइडे पेशींवर नेमके काय करतात, हे उलगडायला आणखी पंचवीस वर्षे लागली. कर्करोगाच्या पेशीचे तुकडे टी-पेशीला दाखवण्याचे काम डेंड्रायटिक पेशी करतात. थायमोसिन अल्फा-१ या पेशींवरील टोलसदृश ग्राहकांना, विशेषतः टीएलआर-९ ला, चेतवते असे इटलीतील पेरुजा येथील लुइजिना रोमानी यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. चेतवलेली डेंड्रायटिक पेशी परिपक्व होते, इंटरल्युकिन-१२ स्रवते आणि टी-पेशींचा कल पेशी मारणाऱ्या प्रतिसादाकडे झुकतो. पण हेच पेप्टाइड आयडीओ या विकराच्या मार्गाने प्रतिकार आवरणाऱ्या नियामक टी-पेशींनाही बळ देते. कर्करोगाची गाठ अशाच नियामक पेशींच्या आडोशाने वाढते. म्हणून या पेप्टाइडांना सरसकट ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणणे शास्त्राला धरून नाही.

नागपूरच्या दृष्टीने हा विषय तोंडाच्या कर्करोगाशी जोडलेला आहे. पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिला जाणारा खर्रा हे येथील या रोगाचे ठळक कारण. शहराची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८० पासूनची आहे. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात आणि जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये विदर्भाबाहेरूनही रुग्ण येतात. शस्त्रक्रियेनंतर दिली जाणारी किरणे गाठीबरोबर लिम्फोसाइटही मारतात. पेप्टाइडांचा खरा उपयोग येथेच होईल, अशी संशोधकांची अपेक्षा होती. महाराष्ट्रातील संशोधन मात्र वेगळ्या अंगाने गेले. मुंबईत शुभदा चिपळूणकर यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले की गॅमा-डेल्टा टी-पेशी तोंडाच्या गाठीतील पेशींवरचे एचएसपी-६० हे प्रथिन ओळखतात. म्हणजे हल्ला करू शकणाऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात असतात.

पेप्टाइडांच्या चाचण्यांनी आधी आशा दाखवली. १९७९ मध्ये फुप्फुसाच्या स्मॉल-सेल कर्करोगात रसायनोपचाराला फ्रॅक्शन ५ ची जोड दिल्यावर आयुष्य वाढल्याचे प्रसिद्ध झाले. नंतरच्या चाचण्यांत ते टिकले नाही. १९८५ मध्ये फुप्फुसांच्या कर्करोगाच्या ४२ रुग्णांत किरणोपचारानंतर थायमोसिन अल्फा-१ लाभदायक दिसले, पण एवढ्या थोड्या रुग्णांवरून निष्कर्ष काढणे धाडसाचे होते. २०१० मध्ये पसरलेल्या मेलानोमाच्या ४८८ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. थायमोसिन मिळालेले रुग्ण ९.४ महिने, न मिळालेले ६.६ महिने जगले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा उतरला नाही. २०११ च्या कॉक्रेन समीक्षेने २६ चाचण्या आणि २,७३६ रुग्ण एकत्र तपासले. शुद्ध केलेल्या थायमस अर्कांनी आयुष्य वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. रक्तातील टी-पेशींची संख्या सुधारणे आणि रुग्ण जास्त जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या क्षेत्रात त्यांची गल्लत फार काळ झाली.

दरम्यान ग्रंथीचे महत्त्व मात्र वाढतच गेले. २०२३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी प्रौढपणी थायमस काढलेल्या रुग्णांची तुलना तशाच हृदयशस्त्रक्रिया झालेल्या, पण थायमस शाबूत असलेल्या रुग्णांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटात ७.४ टक्क्यांना कर्करोग झाला, दुसऱ्यात ३.७ टक्क्यांना. म्हातारपणी आक्रसलेली थायमसही टी-पेशी पुरवत राहते, हे यातून सूचित होते. बाहेरून टोचलेले पेप्टाइड असलेल्या पेशींना चेतवू शकते. नव्या पेशी निवडून घडवण्याचे ग्रंथीचे काम त्याला जमत नाही.

त्याच वर्षी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. टी-पेशींवरचा पीडी-१ हा लगाम काढणारे निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले गेले. कमी मात्रेच्या तोंडी औषधांना त्याची जोड मिळाल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. एवढ्या कमी मात्रेमुळे उपचाराचा खर्चही खूप घटतो. तोंडाच्या कर्करोगात असा परिणाम थायमसच्या कोणत्याही पेप्टाइडाने दाखवलेला नाही, आणि या रोगाच्या प्रमाणित उपचारांत त्या पेप्टाइडांचा समावेशही नाही.