बिल वाचवा, पण दुपारचा एसी बंद करून नव्हे

नवतपा लागला की वॉर्डात एक दृश्य ठरलेले असते. सत्तरीचे आजोबा, अंग भट्टीसारखे तापलेले, बोलणे असंबद्ध. घरी एसी आहे. पण बिलाच्या धास्तीने दुपारी तो बंद आणि आजोबा पंख्याखाली. हा उष्माघात. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग गार करत नाही, गरम हवाच अंगावर फेकतो. गोंदियात पारा ४४-४५ पर्यंत चढतो. त्यात उतारवयात घाम कमी सुटतो, तहानही कमी लागते.

मग बिलाचे काय? ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एसीचा आकडा एक अंशाने वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणून १८ वर नको. २७ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. त्याने खोली आणखी ४ अंशांनी गार वाटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुपारी सगळ्यांनी एकाच खोलीत बसावे. दुसरे म्हणजे, दुपारी सौर वीज मुबलक असल्याने स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते. म्हणजे जिवाला धोका सर्वाधिक, नेमकी तेव्हाच वीज स्वस्त! आपल्या बिलावर हे तपासून घ्या.

एसी नसेल तर कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम. वीज एसीच्या पाव भागाहूनही कमी. फक्त खिडकी उघडी ठेवा आणि टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पोसले जातील.

खरी उधळपट्टी गिझरची. १५ लिटरचा, २,००० वॉटचा गिझर हिवाळ्यातले २० अंशांचे पाणी साधारण २० मिनिटांत ६० पर्यंत तापवतो. खर्च जेमतेम पाऊण युनिट. तो दिवसभर सुरू ठेवायचे कारण नाही. मात्र बचतीसाठी पाणी कोमटच साठवू नका. त्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जंतू वाढतात. ६० वर तापवा, बादलीत गार पाणी मिसळा, मगच लेकरांना आंघोळ घाला.

आणि उन्हाळ्यात कुणी बरळू लागले, तर आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बिलाचा हिशेब नंतर.