म्हातारपण शिकताना

वार्धक्यशास्त्र म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे आजार बरे करणं नव्हे, ते डॉक्टरांचं काम. इथे अभ्यास होतो तो म्हातारपणाचाच: शरीर, मन, पैसा, घर, एकटेपण. ‘जेरंटॉलॉजी’ हा शब्द १९०३ साली एली मेच्निकॉफ यांनी वापरात आणला. भारतात २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसं १० कोटींवर होती, म्हणून या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे समाजकार्य, नर्सिंग, मानसशास्त्रातल्या मुलामुलींनी जरूर वळावं.

खरं शिक्षण माणसांसमोर होतं. एक साधी चाचणी पाहा. आजी खुर्चीतून उठतात, ३ मीटर चालतात, वळतात, परत येऊन बसतात. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरायचा. पण नजर नुसती घड्याळावर नको. उठताना खुर्चीचा हात घट्ट धरला का? वळताना पाऊल अडखळलं का?

बोलण्याचंही तसंच. उतारवयात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून ओरडू नये. समोर बसून, खालच्या पट्टीत, सावकाश बोलावं. आणि प्रश्न आजींनाच विचारावा, शेजारी उभ्या असलेल्या सुनेला नव्हे. ही चूक फार होते, आणि मला तीच सर्वांत जास्त खुपते.