उंदराच्या कानातला चिगर नेमका कोणता?

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तापाचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले आणि ‘स्क्रब टायफस’ हे नाव विदर्भातल्या घराघरांत पोचले. बातम्यांमधला खुलासा बहुधा एका ओळीचा असे: उंदरांवर राहणारा चिगर नावाचा कीटक चावल्याने हा आजार होतो, म्हणून घराभोवतीचे गवत काढा. सल्ला योग्यच होता. पण चिगर हा कीटक नव्हे. तो कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला माइट आहे. शिवाय चिगर म्हणजे एक जात नव्हे. ट्रॉम्बिक्युलिडी आणि तिच्या जवळच्या कुळांतल्या तीन हजारांहून अधिक जातींची वर्णने आजवर प्रसिद्ध झाली आहेत आणि माणसाला हा ताप देणाऱ्या त्यांतल्या मोजक्याच आहेत. अमरावती-अकोल्याच्या शिवारात या तापाला आळा घालायचा असेल, तर कोणती जात, कोणत्या प्राण्यावर आणि कोणत्या धुऱ्यावर सापडते, हे आधी ठरवले पाहिजे. जात ओळखण्याचे आणि ती नवी निघाली तर तिचे रीतसर वर्णन करण्याचे काम हा आरोग्यसेवेचाच पाया आहे, असे मला वाटते.

याचे कारण या जिवाच्या आयुष्यक्रमात आहे. मातीत घातलेल्या अंड्यातून सहा पायांची, पाव मिलिमीटरच्या आसपास लांबीची, नारिंगी अळी बाहेर येते. ती गवताच्या पात्यावर चढून बसते आणि एखादा उंदीर, चिचुंद्री किंवा निंदणाला बसलेल्या बाईचा हात जवळून गेला की त्यावर उतरते. ती रक्त पीत नाही. तिच्या लाळेने त्वचेच्या पेशी विरघळतात, तिथे एक बारीक नळी तयार होते आणि त्या नळीतून ती विरघळलेला द्रव शोषते. काही दिवसांनी पोट भरले की ती गळून मातीत पडते. पुढच्या अवस्थांना आठ पाय असतात, पण त्या कोणालाच चावत नाहीत. जमिनीतल्या बारीक किड्यांची अंडी खाऊन जगतात. म्हणजे संपूर्ण आयुष्यात हा जीव उष्णरक्ताच्या प्राण्याला बहुधा एकदाच चावतो. एका उंदराकडून घेतलेला जंतू दुसऱ्या चाव्यातून पुढे देण्याची संधी त्याला मिळत नाही. तरीही ‘ओरिएंटिया त्सुत्सुगामुशी’ हा स्क्रब टायफसचा जंतू टिकून राहतो, कारण तो मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. रोगाचा खरा साठा उंदरात नसून माइटच्या वंशात आहे आणि हा वंशपरंपरागत संबंध काही ठरावीक जातींशीच जुळलेला आहे. त्यामुळे उंदराच्या अंगावर चिगर सापडले एवढ्यावरून त्या गावाला धोका किती, हे सांगता येत नाही.

भारतात या रोगाची मुख्य वाहक मानली जाते ती ‘लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स’. सुमात्रातल्या डेली प्रदेशावरून वॉल्च यांनी १९२२ मध्ये तिला हे नाव दिले. ती ओळखायची कशी? उंदराच्या कानाच्या पाळीत घोळक्याने चिकटलेले नारिंगी ठिपके सुईच्या टोकाने अलगद सोडवून अल्कोहोलमध्ये ठेवतात, मग अंग पारदर्शक करून काचपट्टीवर बसवतात. भरल्या पोटाची अळी उपाशी अळीच्या कितीतरी पट फुगते, म्हणून आकार आणि रंग यांवर भरवसा ठेवता येत नाही. भरवसा ठेवायचा तो पाठीवरच्या पुढच्या बाजूच्या लहानशा ढालीवर, कारण हे कठीण कवच ताणत नाही. लेप्टोट्रॉम्बिडियममध्ये या ढालीवर पाच केस आणि दोन संवेदी तंतू असतात. हे तंतू दोऱ्यासारखे बारीक असतात. इतर काही वंशांमध्ये तेच गदेसारखे किंवा गोळ्यासारखे फुगीर दिसतात. उंदरांवरच सापडणाऱ्या शोएनगास्टिएला लिग्युला या जातीची ढाल मागे जिभेसारखी लांबलेली असते. मग पाठीवरच्या केसांच्या ओळी मोजायच्या. डेलिएन्समध्ये त्या २-८-६-६-४-२ अशा भरतात. पुढे मुखांगावरच्या नखीचे फाटे, पायांच्या मुळाशी असलेले केस, ढालीच्या कोपऱ्यांमधली अंतरे. ही मापे मायक्रोमीटरमध्ये, एका नव्हे तर अनेक नमुन्यांवर घ्यावी लागतात, कारण एकाच जातीत थोडाफार फरक असतोच आणि एका वेगळ्या नमुन्यावरून नवी जात जाहीर करणे म्हणजे शास्त्रात खोटे नाव सोडून देणे. आणखी एक गोष्ट वाचकाला नवल वाटेल अशी आहे. कीटकांची जात सहसा प्रौढावरून ठरते, पण चिगरच्या बहुतेक जातींची वर्णने अळीवरून झाली आहेत, कारण प्राण्यांवर सापडते ती अळीच. कित्येक जातींचे मातीतले प्रौढ कोणी ओळखलेलेच नाहीत.

आता कोणी म्हणेल, डीएनएच्या काळात केस कशाला मोजायचे? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. जनुकीय क्रमवारीला अर्थ येतो तो तुलनेसाठी नीट ओळखलेल्या नमुन्याची क्रमवारी हाताशी असते तेव्हाच. ढालीवरून जातीचे नाव पक्के केल्याशिवाय क्रमवारी म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. अडचण अशी होती, की काचपट्टीसाठी अंग पारदर्शक करताना डीएनए खराब होतो. त्यावर वाट निघाली आहे: या माइटची कवचे विशिष्ट प्रकाशात स्वतःच चमकतात, त्यामुळे रसायने न वापरता ढालीचे छायाचित्र घेऊन नंतर त्याच जिवाचा डीएनए काढता येतो. दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत. एकीमुळे दुसरी बाद होत नाही.

दुसरा आक्षेप दवाखान्यातून येतो. जात कोणतीही असो, औषध डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिनच. मग नावाने काय फरक पडतो? पडतो, कारण औषध स्वस्त असले तरी ते वेळेवर द्यायचे तर आधी संशय यावा लागतो. चाव्यानंतर ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे जातात. जखमेची काळी खपली काखेत किंवा जांघेत लपते, सावळ्या त्वचेवर सहज नजरेतून सुटते. रक्तातली प्रतिपिंडे वाढायला काही दिवस लागतात, म्हणून सुरुवातीच्या चाचण्या फसवू शकतात. तोवर डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड यांच्याच तपासण्या होत राहतात. अकोल्यातही हा प्रश्न नवा नाही: तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये मध्य भारतातल्या रिकेट्सियाजन्य आजारांवर लेख लिहून लक्षणांवरून गुण देण्याची पद्धत सुचवली होती. ती स्पॉटेड फीवर लवकर ओळखण्यासाठी होती आणि त्या गटाचे आजार बहुधा गोचिडांमुळे होतात, चिगरमुळे नव्हे. म्हणजे वऱ्हाडात एकाहून अधिक वाहक आणि एकाहून अधिक जंतू आहेत. कोणत्या तालुक्यात कोणता वाहक कोणत्या महिन्यात वाढतो याचा नकाशा डॉक्टरच्या टेबलावर असेल, तर भाद्रपदात निंदण करून आलेल्या तापाच्या रुग्णाची काख तपासायची आठवण आपोआप होईल.

उंदीर मारून टाकले की झाले, हा तिसरा युक्तिवाद सर्वात लोकप्रिय आणि सर्वात कच्चा आहे. साठा माइटच्या वंशात आणि माइटचा बहुतेक संसार मातीत असताना, उंदीर कमी झाले तरी त्या मातीतल्या अळ्या यजमानाची वाट पाहतच राहणार, आणि माणूस त्याच धुऱ्यावरून चालणार. त्यात पुद्दुचेरीसारख्या ठिकाणच्या पाहण्यांमध्ये चिगरची मोठी यजमान निघाली ती चिचुंद्री. ती कृंतक नव्हे, तिचे मुख्य खाणे किडे. विष लावलेले धान्य तिच्यासाठी नाही. यजमान कोण हे न पाहता केलेली मोहीम कुठे वाया जाते, ते इथे दिसते.

राहिला प्रश्न हे काम कोणी आणि कुठे करायचे. महाराष्ट्राला याची परंपरा आहे. १९५२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्राची, आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची, माणसे उंदीर आणि त्यांच्यावरचे परजीवी बारकाईने पाहत आली. तिथल्याच मिश्रा आणि धांडा यांनी १९७५ मध्ये सिंहगडावरच्या ‘मिलार्डिया कोंडाना’ या उंदराचे वर्णन केले. फर्नांडिस आणि कुलकर्णी यांचा भारतातल्या ट्रॉम्बिक्युलिड माइटवरचा मोठा ग्रंथ भारतीय प्राणी सर्वेक्षणाने २००३ मध्ये छापला. तो हाताशी असताना अमरावती विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग आणि दोन्ही शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून वऱ्हाडचा स्वतःचा संग्रह उभा करायला हवा. मेळघाटचे जंगल, पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, कपाशी-तुरीचे काळे रान यांत राहणारे प्राणी वेगळे, मातीतला ओलावा वेगळा. तिथले माइट एकच असतील असे गृहीत धरता येत नाही.

संग्रहात नमुन्यापेक्षाही चिठ्ठी महत्त्वाची. मेळघाटात आज दिसणाऱ्या रानपिंगळ्याचा शोध कित्येक वर्षे भलत्या जागी घेतला गेला, कारण पक्षीसंग्राहक माइनर्टझागेन यांनी चोरलेल्या नमुन्यावर गुजरातमधल्या मांडवीचे खोटे नाव आणि १९१४ ची तारीख लावली होती. १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो पक्षी शहाद्याजवळ मिळाला तो जुन्या अस्सल नोंदींच्या मागे गेल्यावर. पाव मिलिमीटरच्या जिवाबाबत अशी चूक झाली तर ती पकडणे आणखी कठीण. म्हणून प्रत्येक काचपट्टीवर यजमानाची जात, पिंजरा कुठे लावला, धुऱ्यावर की गोठ्यात की कुटाराच्या ढिगाजवळ, गावाचे नाव, अक्षांश-रेखांश आणि तारीख असावी. नवी जात निघालीच तर वर्णनासाठी वापरलेला मूळ नमुना कोलकात्याच्या प्राणी सर्वेक्षणात आणि त्याच मालिकेतले काही नमुने अमरावती-अकोल्यात ठेवावेत, म्हणजे पुढच्या तापाच्या हंगामात इथल्या विद्यार्थ्याला तुलनेसाठी पुणे किंवा कोलकाता गाठावे लागणार नाही.