अन्नाचे वावडे आणि परगावचे जेवण

आपल्या केरीसारख्या गावातील मुलांना शाळा संपली की घर सोडण्याचा प्रसंग बहुधा येतोच. कोणी म्हापशास जातो, कोणी पणजीस, तर कोणी थेट पुण्या-कोल्हापूरच्या वसतिगृहात. अशा वेळी आईबाप फीची, अंथरूण-पांघरुणाची, सोबतीची काळजी करतात. परंतु ज्या मुलास एखाद्या अन्नाचे वावडे आहे, त्याच्या पालकांची काळजी याहून वेगळी असते. आजवर आईच्या नजरेखालून गेलेला घास उद्या कोण तपासणार? संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते. कारण आमच्याच घरातून अशी एक मुलगी बाहेर पडली आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. ‘मला कारल्याचे वावडे आहे’ असे आपण सहज म्हणतो, पण ती नुसती नावड असते. त्यामुळे खरोखर वावडे असलेल्या मुलाचे बोलणेही लोकांस नखरा वाटतो. डॉक्टर ज्याला अॅलर्जी म्हणतात, ती गोष्ट निराळी. हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजिला. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनास शत्रू समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार ठेवते. ‘आयजीई’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रतिपिंड इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याने १९६६ साली उजेडात आणले. पुढे ते अन्न पोटात गेले की काही मिनिटांत अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, उलट्या होतात आणि प्रसंगी घसा आवळून, रक्तदाब उतरून जीव धोक्यात येतो. शेंगदाणा, काजू, दूध, अंडे, मासे, सुंगटे ही त्याची नेहमीची कारणे होत. ‘थोडे थोडे खाल्ले की सवय होईल’ हा घरगुती उपाय येथे घातक ठरतो.

आमच्या नातीस शेंगदाण्याचे वावडे आहे. लहानपणी चिक्कीच्या एका तुकड्याने ते कळले. तरी घरी फारशी अडचण आली नाही, कारण आपला स्वयंपाक नारळावर चालतो. पण घाटावर भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत दाण्याचे कूट असते; उपवासाची खिचडी तर त्यावाचून होतच नाही. मुलगी पुण्यास जाणार असे ठरले, तेव्हा तिची आजी म्हणाली, ‘‘नको गो बाय, हंयच शीक.’’ आमचेही मन कचरले होते, हे कबूल केले पाहिजे.

परंतु डॉक्टरांनी आम्हांस वेगळी दिशा दाखवली. ते म्हणाले, ‘‘मुलीला थांबवू नका, तुम्ही एक एक पाऊल मागे या.’’ त्याप्रमाणे दोन वर्षे तयारी केली. प्रथम दुकानातील पुड्यांवरचा मजकूर तिनेच वाचायचा आणि आम्ही गप्प बसायचे. मग हॉटेलात तिनेच विचारायचे. पुढे केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेरेखोलास उतरून शिरोड्याच्या नातलगांकडे ती एकटी जेवून आली. दवाखान्यातही डॉक्टरांशी तीच बोलू लागली. दम्याचा थोडा त्रास होता, तो आधी आटोक्यात आणला. कारण दमा बळावलेला असल्यास अशा वेळी धोका वाढतो.

औषधाविषयी दोन शब्द. खाज, पित्त यांवरच्या गोळ्या जीव वाचवीत नाहीत. श्वास कोंडला, आवाज बसला, चक्कर आली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन ताबडतोब द्यावे लागते. परदेशात त्याचे तयार पेन मिळते. आपल्याकडे ते सर्वत्र सहज मिळत नाही. म्हणून मात्रा व पद्धत डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि ती मुलाबरोबर त्याच्या खोलीतील सोबत्यांसही शिकवावी. रोग्यास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसवावे, पण उठून चालू देऊ नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. बरे वाटले तरी इस्पितळात काही तास थांबावे, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

इतके करूनही पहिल्याच महिन्यात प्रसंग आला. एका खानावळीत नातीने वाढप्यास विचारले, ‘‘यात शेंगदाणा आहे का?’’ तो ‘नाही’ म्हणाला. त्याच्या मते शेंगदाणा म्हणजे अखंड दाणा. कोशिंबिरीतले कूट त्याने धरलेच नाही! पहिल्या घासालाच तिच्या ओठांस खाज सुटली. अशा वेळी लाजून एकटे मोरीत जाण्याची मुलांची प्रवृत्ती असते, आणि तीच प्राणघातक ठरते. नातीने मात्र घास थुंकला आणि शेजारच्या मैत्रिणीचा हात धरून सांगितले. त्रास ओठांवरच थांबला. तरी दोघी इस्पितळात जाऊन बसल्या. तेव्हापासून ती ‘‘कूट आहे का? तेल कसले?’’ असे विचारते, आणि उत्तर डळमळीत वाटले तर दहीभात खाते.

२०२० च्या नियमांनुसार आपल्या देशात बंद पुड्यांवर शेंगदाणा, काजू, दूध, अंडे, मासे आदींचा उल्लेख बंधनकारक आहे. पण पंगतीस व प्रसादास वेष्टन कुठले? आणि वेष्टनही फसवू शकते. २०१६ साली इंग्लंडमधील नताशा एडनान-लापेरूज ही पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या पावातील तिळाने दगावली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या आईबापांनी नेटाने प्रयत्न केले आणि २०२१ पासून तेथे तसा कायदा झाला.

शेवटी आपणां सर्वांस एक विनंती. जत्रेत, लग्नात, सत्यनारायणाच्या पूजेत एखादे मूल ‘नको’ म्हणाले, तर ‘देवाचा प्रसाद आहे, काही होत नाही’ असा आग्रह करू नका. आपल्याकडे अन्न नाकारणे म्हणजे यजमानाचा अपमान मानतात. म्हणून ‘नको’ म्हणायला त्या मुलास किती बळ लागत असेल, याचा विचार करा. जे मूल आपल्या गावच्या पंगतीत निर्भयपणे ‘नको’ म्हणू शकेल, तेच परगावच्या खानावळीतही म्हणू शकेल. ती शिकवण घरात सुरू होते खरी, पण ती पक्की करणे सगळ्या गावाच्या हाती आहे.