भीतीचा देव, नवसाचा देव

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडी, चिकलठाणा, सिडको या पट्ट्यात शेजारी ख्रिस्ती कुटुंब असणं नवलाचं नाही. एमआयडीसीत कामाला म्हणून जालना, बीड, अहिल्यानगरकडून माणसं आली, त्यांत तीही आली. नाताळात त्यांच्या दारावर चांदणी लागते, फराळाचं ताट इकडून तिकडे जातं. पण यांचा देव यांच्याशी वागतो कसा, आणि हे त्याच्याशी बोलतात काय, असं त्यांच्या ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांना विचारलं, तर ठरावीक उत्तरं येतात. त्यांतली बरीचशी चुकीची असतात. काही तर खुद्द ख्रिस्ती मंडळींनाही खरी वाटतात.

“त्यांचा देव म्हणजे पापं मोजणारा न्यायाधीश”

न्याय, पाप, नरक या गोष्टी ख्रिस्ती शिकवणुकीत आहेत. त्या नाहीतच असं सांगणं खोटेपणाचं होईल. पण सगळी श्रद्धा त्यांच्यावरच उभी आहे असं समजणं त्याहून चुकीचं.

आपल्या शहरातल्या सेंट फ्रान्सिस डिसेल्स शाळेतून कितीतरी पिढ्या शिकून बाहेर पडल्या. ज्याच्या नावाची ही शाळा, तो फ्रान्सिस (१५६७–१६२२) कोण, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. पॅरिसमध्ये शिकत असताना, ऐन विशीच्या उंबरठ्यावर, या मुलाच्या मनात एक भीती शिरली. कुणाला तारायचं आणि कुणाला नाही हे देवाने आधीच ठरवलंय, आणि आपलं नाव नरकाच्या यादीत आहे, असं त्याने मनाशी धरलं. खाणंपिणं सुटलं, झोप उडाली. कित्येक आठवडे हे चाललं. शेवटी एका चर्चमध्ये प्रार्थना करताना त्याने हिशेबच सोडून दिला: पुढे माझं काय व्हायचं ते होवो, निदान या जन्मात तरी मी देवावर प्रेम करणार. भीती गेली. पुढे हाच माणूस बिशप झाला आणि १६१६ साली त्याने ईश्वरप्रेमावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं नाव घेणाऱ्या संघाचे फ्रेंच मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या भागात आले. म्हणजे या शहराच्या कॅथलिक परंपरेच्या मुळाशी जो संत आहे, तो भीतीतून बाहेर पडलेला माणूस आहे.

याच गैरसमजाचा एक सुशिक्षित अवतार असतो: जुन्या करारातला देव रागीट, नव्या करारातला प्रेमळ. हे काही नवं नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने रोममध्ये हेच मांडलं, जुना करार टाकून द्या म्हणाला. इसवी सन १४४च्या सुमारास तिथल्या मंडळीने त्यालाच बाहेर काढलं. कारण उघड आहे. परागंदा झालेल्या बायकोला पुन्हा घरी आणणाऱ्या नवऱ्याच्या रूपात देव दाखवणारा होशेय जुन्या करारातच आहे. आई एक वेळ तान्ह्या पोराला विसरेल, देव विसरणार नाही, या अर्थाचं बोलणारा यशयाही तिथलाच. आणि नव्या करारात येशू मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथतो, ढोंगी लोकांना झोडपून काढतो. राग दोन्हीकडे आहे, माया दोन्हीकडे.

“देवाला खूश ठेवलं की तो प्रेम करतो”

हा गैरसमज सगळ्यात चिवट, आणि चर्चच्या बाकांवरही तो भरपूर सापडतो. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मरियेची यात्रा भरते. मराठवाड्यातून माणसं जातात, ख्रिस्ती नसलेलीही जातात, नवस बोलतात, फेडतात. कॅथलिक चर्च नवसाला मनाई करत नाही. पण देवाचं प्रेम नवसाने मिळतं, असंही ते शिकवत नाही.

शिकवण उलट्या क्रमाची आहे. आधी देव प्रेम करतो, माणूस नंतर उत्तर देतो. या न मागता, न कमावता मिळालेल्या प्रेमाला ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात. लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या मुलाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, पण तिच्यातली एक बारीक गोष्ट निसटते. घरी परतणाऱ्या मुलाने माफीचं भाषण तयार करून आणलेलं असतं. बाप मात्र त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. गळामिठी आधी पडते, भाषण नंतर, आणि तेही पुरं होऊ दिलं जात नाही. इमानेइतबारे राबलेल्या थोरल्या भावाला हे पटत नाही. चर्चला नियमित जाणाऱ्यांनी स्वतःला या थोरल्यात शोधावं, असं मला नेहमी वाटतं.

मग सत्कृत्यांचं काय? या प्रश्नावरून १५१७ नंतर युरोपातलं चर्च दुभंगलं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव माणसाला स्वीकारतो ते केवळ कृपेने, सत्कृत्यं ही त्या स्वीकाराची फळं, हा त्या घोषणेचा गाभा. त्यामुळे ‘इतकं दान टाका, इतका आशीर्वाद मिळेल’ असं कुणी व्यासपीठावरून सांगत असेल, तर तो ख्रिस्ती शिकवण सांगत नाही, दुकान चालवतो.

“सवलतींसाठी धर्म बदलतात, प्रेमबिम काही नाही”

आधी कायदा पाहू. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती झालेल्यांना आजही नाही. मराठवाड्यातले बहुसंख्य ख्रिस्ती ज्या दलित समाजांतून आले, त्यांचा विचार केला तर धर्मांतराने सवलत मिळत नाही, असलेली जाते.

दुष्काळात मिशनऱ्यांनी अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली आणि त्यांतली बरीच ख्रिस्ती झाली, हे खरं आहे. त्यावर प्रामाणिक चर्चा व्हायला हवी. भुकेल्याने घेतलेला निर्णय कितपत मोकळा, हा प्रश्न रास्तच आहे. पण सगळ्यांना त्याच मापाने मोजता येत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पदरात काय पडलं? जात गेली, नातलग गेले, बायकोपासून काही वर्षं ताटातूट झाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ते दिवस काहीही न लपवता लिहिलेत. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या पुढे पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने. आणि १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली.

“भक्ती आपली, त्यांचं सगळं विलायती”

फ्रान्सिसचा ईश्वरप्रेमावरचा ग्रंथ निघाला त्याच १६१६ साली गोव्यात राचोलला दुसरा एक ग्रंथ छापला गेला: फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत. स्टीफन्स इंग्रज होते, पण येशूची कथा इथल्या माणसाला सांगायची तर ओवीतच, हे त्यांनी ओळखलं होतं.

टिळकांनी पुढचं पाऊल टाकलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. वारकऱ्यांना विठ्ठल जशी माउली, तसा टिळकांना ख्रिस्त माउली वाटला आणि त्यांच्या अभंगांत, भजनांत तो तसाच आला. मराठी प्रोटेस्टंट मंडळी ‘उपासना संगीत’ उघडून आजही ती भजनं टाळ-पेटीवर म्हणतात. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थनासुद्धा देवाला बाप म्हणून हाक मारत सुरू होते. ती साहेबाला लिहिलेल्या अर्जासारखी नाही, घरातल्या बोलण्यासारखी आहे.

“पापाची कबुली दिली की मोकळे”

नाही. कॅथलिक पापनिवेदनात पश्चात्ताप, पुन्हा तसं न करण्याचा निश्चय आणि जमेल तेवढी भरपाई, हे सगळं लागतं. जक्कय या लाचखाऊ जकातदाराने येशू घरी आल्यावर काय केलं ते आठवा: ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं.

“देव प्रेम करतो, तर यांच्यावर संकटं का येतात?”

प्रेम म्हणजे संकटमुक्तीची हमी, असं बायबल कुठेच म्हणत नाही. ईयोबाचं अख्खं पुस्तक एका सज्जन माणसाच्या तक्रारीचं आहे. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं देवाला जाब विचारणारी आहेत. बरं, ती तशीच ठेवून उपासनेत म्हटली जातात.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर येतं. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला आणि ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी, हे त्यांनीच नोंदवून ठेवलंय. धर्माची तत्त्वं पटणं वेगळं आणि आपल्यावर कुणाचं प्रेम आहे हे उमगणं वेगळं. ते उमगल्यावरही दुःख थांबलं नाही: १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या स्वतः गेल्या. मधल्या काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो दुष्काळग्रस्त मुली आणि विधवा वाढल्या, शिकल्या.

“त्यांचा देव फक्त त्यांचाच”

तारण ख्रिस्ताद्वारे होतं, ही ख्रिस्ती श्रद्धा आहे. ती पातळ करून सांगण्यात अर्थ नाही. पण देवाचं प्रेम बाप्तिस्मा झालेल्यांपुरतं आहे, असं मात्र ती म्हणत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की देवाचा पाऊस चांगल्यावाईट दोघांच्याही रानात पडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केलं, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. टिळकांनी तर नोकरी सोडल्यावर काढलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्रच बोलावलं.

शंका उरली असेल तर एखाद्या रविवारी शेजाऱ्यांबरोबर उपासनेला जाऊन बसा. सहसा कुणी जात-धर्म विचारत नाही, मागच्या बाकावर जागा मिळते. एवढंच लक्षात ठेवा: प्रभुभोजनाची भाकर बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असते, तेव्हा जागेवरच थांबायचं. बाकी सगळं ऐकायला तुम्ही मोकळे आहात, नंतर प्रश्न विचारायलाही.