काच आणि वीज यांचा तहनामा

माजरी जंक्शनच्या फलाटावर, जेथे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणींतील कोळशाची काजळी बाकांवर, झाडांच्या पानांवर आणि माणसांच्या नखांत सारख्याच निष्पक्षपणे जाऊन बसते, तेथे पाळी संपवून आलेला कामगार मोबाईलला बोट लावण्यापूर्वी जाड हातमोजा काढतो, तेव्हा त्या काचेखाली पसरलेल्या अदृश्य विद्युद्वाहक थराची त्याला बहुधा खबर नसते. उघडे बोट स्वतः वाहक असल्यामुळे त्याच्या सान्निध्याने थराची विद्युत्धारिता किंचित बदलते, आणि यंत्र तेवढाच बदल हेरते.

वस्तुतः पारदर्शकता आणि विद्युद्वहन यांचे हाडवैर आहे. तांब्यात वीज वाहते ती मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे, आणि तेच इलेक्ट्रॉन प्रकाशाला दारातून परतवतात. काच प्रकाशाला वाट देते, परंतु तिच्यापाशी मुक्त इलेक्ट्रॉन नाहीत. या दोहोंत तह प्रथम घडविला 1907 साली कार्ल बेडेकर यांनी (आडनाव मराठी कानाला ओळखीचे, गृहस्थ मात्र जर्मन): कॅडमियमचा पातळ थर हवेत तापविताच तो पारदर्शक झाला आणि तरीही वाहक राहिला. आज मोबाईलच्या पडद्यावर प्रायः इंडियम-टिन ऑक्साइड असते, म्हणजे वजनाने सुमारे 90 टक्के इंडियम ऑक्साइड आणि 10 टक्के कथिलाचे. त्यातील मुक्त इलेक्ट्रॉन धातूच्या शतांशाच्या आसपास, म्हणून ते अवरक्त किरणांना परतवतात, पण दृश्य प्रकाशाला सोडून देतात.

इंडियमची जन्मकथा मोठी गमतीची आहे. 1863 साली फ्रायबर्ग येथे जस्ताच्या खनिजात त्याचा शोध लागला, पण फेर्डिनांड राइख यांना रंग ओळखता येत नसल्याने वर्णपटातील निळीच्या रंगाची रेषा पाहिली ती त्यांचे सहकारी रिख्टर यांनी, आणि त्या निळीवरूनच नामकरण झाले. हा धातू जस्ताच्या शुद्धीकरणात हाती लागणारी दुर्मीळ वरकड आहे.

म्हणूनच मला अधिक कौतुक वाटते ते स्वस्त कथिलाचे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. पी. एस. पाटील आदींनी फवारणीची जी पद्धत रुजविली, आणि जिचा प्रा. पाटील यांनी 1999 साली विस्तृत आढावाही घेतला, तिच्यात कथिलाच्या क्षाराचे द्रावण शेकडो अंश तापलेल्या काचेवर शिंपडले जाते. द्रावक उडून जातो, क्षाराचे विघटन होते आणि टिन ऑक्साइडचा थर चिकटतो. फ्लोरिन मिसळलेला असाच थर काही प्रकारच्या सौरघटांच्या काचेवर असतो. निर्वात पंपांच्या बडेजावाची येथे गरज नाही.

मात्र काच थंड झाल्यावर एक अडचण उरते. थर कोणत्या बाजूस चढला हे डोळ्याला सांगता येत नाही, तेव्हा विद्यार्थी मल्टिमीटरची दोन टोके आधी एका बाजूस आणि मग दुसऱ्या बाजूस टेकवून पाहतात.